ठासणीच्या रिव्हॉल्वरासाठीं गोळीची निवड

पिकाच्या राखणीसाठीं परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यास दारू, गोळी व टोपी हे शब्द नवे नाहींत. परंतु "गोळी ती गोळी, लागली म्हणजे झालें" अशी जी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते, ती अपुरी व धोक्याची आहे. एकाच हत्यारांतून, तितक्याच दारूनें सुटलेल्या दोन गोळ्यांपैकीं एक जनावरास थोड्या अंतरांत पाडते, व दुसरी त्यास केवळ घायाळ करून रानांत पळवून लावते. घायाळ जनावर दोन दिवस तळमळून मरतें, किंवा जगून वाचलें तर सकाळीं गवत कापावयास गेलेल्या माणसावर उलटतें. हा भेद कशानें पडतो हें समजण्यास अमेरिकेंतील काळ्या दारूच्या रिव्हॉल्वराचें उदाहरण फार उपयोगी आहे. त्या हत्याराचा जोर मुळांतच बेताचा असल्यामुळें गोळीच्या निवडींतील लहानशी चूकहि तेथें झांकली जात नाहीं. म्हणून तोच विषय प्रस्तुत पाठांत घेतला आहे. त्यावरून आपल्याकडील शेतकऱ्यानें कोणता बोध घ्यावा, हें शेवटीं सांगितलें आहे.

१. हत्याराची ओळख

फिरत्या चक्राचें पिस्तूल, म्हणजेच रिव्हॉल्वर, व्यवहारांत आणण्याचें श्रेय मुख्यतः सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन गृहस्थाकडे जातें. त्यास इंग्लंडांत १८३५ सालीं व अमेरिकेंत १८३६ सालीं पेटंट मिळालें. त्या काळीं आजच्यासारखें पितळी काडतूस प्रचारांत नव्हतें. चक्रास पांच किंवा सहा घरें असत. प्रत्येक घरांत पुढच्या बाजूनें आधीं मापून दारू ओतावयाची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवावयाची, ती दांड्यानें दाबून दारूवर घट्ट बसवावयाची, आणि घराच्या मागील अंगास असलेल्या बारीक नळीवर टोपी चढवावयाची, अशी ही रीत. घोडा टोपीवर आपटला कीं ठिणगी आंत जाऊन दारू पेट घेते. थोडक्यांत, आपली ठासणीची बंदूक सहा तुकड्यांत विभागून एका चक्रावर बसविली असतां जें होईल, तें हें हत्यार होय.

या जातीचे प्रसिद्ध नमुने म्हणजे कोल्टचीं १८४७ सालचें वॉकर, १८५१ सालचें नेव्ही व १८६० सालचें आर्मी, आणि १८५८ च्या पेटंटावरून ओळखलें जाणारें रेमिंग्टनचें आर्मी. नेव्ही हें ०.३६ इंच बोराचें, बाकीचीं ०.४४ इंच बोराचीं. पुढें पितळी काडतुसें आलीं व हीं हत्यारें मागें पडलीं. तरी अमेरिकेंत त्यांच्या नकला आजहि विकल्या जातात. त्यांपैकीं पुष्कळ इटलींत तयार होतात. रुगर या अमेरिकन कारखान्यानें तर १९७२ पासून २००८ पर्यंत याच पद्धतीचें, पण नव्या पोलादाचें, 'ओल्ड आर्मी' नांवाचें रिव्हॉल्वर काढलें होतें. ज्या राज्याचा कायदा परवानगी देतो त्या राज्यांत कांहीं शिकारी अशा हत्यारानें ससा, हरीण व रानडुक्कर यांची शिकार करतात.

शिकारीसाठीं हत्यार निवडतांना पोलादी सांगाड्याचेंच घ्यावें, असें जाणकार सांगतात. स्वस्त नकलांचा सांगाडा कधीं कधीं पितळेचा असतो. तो हलक्या दारूनें निशाणबाजी करण्यास पुरतो. परंतु शिकारीच्या भरण्यानें हळूहळू ताणला जाऊन चक्र व नळी यांतील जुळणी बिघडते. रेमिंग्टनच्या नमुन्यास चक्राच्या माथ्यावरून जाणारी पोलादी पट्टी असते, त्यामुळें तो सांगाडा अधिक दणकट समजला जातो.

२. जोराचा हिशेब

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचें मिश्रण. त्याचें रूढ प्रमाण शेंकडा ७५, १५ व १० असें आहे. ही दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन काजळी व धूर यांच्या रूपानें उरतो, वायु बनत नाहीं. म्हणूनच तिचा वेग धूरहीन दारूच्या मानानें कमी पडतो.

आतां कांहीं आंकडे पाहूं. गोळीचें व दारूचें वजन ग्रेनांत सांगण्याची वहिवाट आहे. १८० ग्रेन म्हणजे आपला १ तोळा, व १५ ग्रेन म्हणजे १ मासा. ०.४४ बोराच्या रिव्हॉल्वरांत साधारणपणें ३० ग्रेनच्या आसपास, म्हणजे २ मासे, दारू घालतात. तिच्यावर बसणारी ०.४५४ इंच व्यासाची वाटोळी गोळी सुमारें १४१ ग्रेन, म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित् अधिक, भरते. ती सेकंदास सुमारें ८५० फूट वेगानें सुटली असें धरल्यास तिचा जोर सुमारें २२५ फूट-पौंड होतो. एक पौंड वजन एक फूट उंच उचलण्यास लागणारी शक्ति म्हणजे एक फूट-पौंड. ०.३६ बोराची गोळी अवघी ८० ग्रेन, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनहि कमी. तिचा जोर दीडशे फूट-पौंडांच्या आसपासच राहतो. याच्या उलट, पूर्वींच्या फौजी ०.३०३ रायफलीची १७४ ग्रेनची गोळी सेकंदास सुमारें २४४० फूट वेगानें जात असे व तिचा जोर सुमारें २३०० फूट-पौंड होई. म्हणजे आपण ज्या हत्याराचा विचार करीत आहों, त्याचा जोर रायफलीच्या दशांशाइतकाच आहे.

वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, हा नियम ऐकून कोणी म्हणेल कीं मग दारूच वाढवावी. याचें उत्तर इतिहासानेंच दिलें आहे. १८४७ सालच्या वॉकर रिव्हॉल्वरांत ६० ग्रेन, म्हणजे ४ मासे, दारू मावत असे व तें हत्यार साडेचार पौंड वजनाचें होतें. एवढा भार असूनहि त्यांतील कित्येकांचीं चक्रें फुटलीं. म्हणून पुढील ड्रॅगून नमुन्यांत चक्र आंखूड करून दारूचें माप सुमारें ५० ग्रेनांवर आणावें लागलें. चक्रांतील घराची लांबी ठरलेली असते. तेवढ्यांतच दारू व गोळी दोन्ही बसावयाचीं. आणि धूरहीन दारू तर या हत्यारांत चिमूटभरहि घालूं नये. तिचा दाब काळ्या दारूहून कितीतरी अधिक चढतो व चक्र फुटून हात जातो.

तेव्हां वेग वाढविणें शिकाऱ्याच्या हातीं फारसें नाहीं. त्याच्या हातीं उरतात त्या चार गोष्टी: गोळीचें शिसें, तिचें माप, तिचा आकार, आणि ती ज्या अंतरावरून सोडावयाची तें अंतर. पुढील विवेचन याच क्रमानें केलें आहे.

३. शिसें मऊ असावें

या रिव्हॉल्वराची गोळी शुद्ध, मऊ शिशाचीच असावी. याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, गोळी घराच्या तोंडापेक्षां किंचित् मोठी असून दांड्यानें दाबून आंत बसवावी लागते. शिशांत अँटिमनी अगर कथील मिसळलेलें असेल तर तें कठीण होतें. मग दांड्यावर जोर करावा लागून दांडा वांकतो किंवा त्याची खीळ मोडते. दुसरें कारण जनावराच्या अंगांतील कामाचें. एवढ्या मंद वेगाला कठीण शिसें पसरत नाहीं. मऊ शिसें हाडावर आदळल्यास थोडेंबहुत चपटें होऊन जखम रुंद करतें.

शिसें पारखण्याची सोपी रीत अशी: अंगठ्याच्या नखानें ओरखडा काढून पाहावा. शुद्ध शिशावर नखाची रेघ स्पष्ट उमटते. कठीण मिश्रणावरून नख घसरतें. मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठीं लावलेलीं जुनीं शिशाचीं वजनें बहुधा अँटिमनीमिश्रित असतात. तीं या कामीं घेऊं नयेत.

गोळ्या घरीं ओतणाऱ्यांनीं एक सूचना विसरूं नये. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. वितळलेल्या शिशांत पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची तत्काळ वाफ होऊन शिसें उसळतें व तोंडावर उडतें. ओला सांचा, ओली पळी अगर ओलें शिसें भट्टीजवळ नेऊं नये. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावें, स्वयंपाकाचें भांडें त्यासाठीं वापरूं नये, आणि हात धुतल्यावांचून कांहीं खाऊं नये. कारण शिसें हें विष आहे. याच कारणास्तव कॅलिफोर्निया राज्यानें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्या वापरण्यास सर्वत्र बंदी केली आहे. इतर ठिकाणींहि शिकारीनें मिळालेल्या मांसांतील जखमेभोंवतालचा भाग कापून टाकणें शहाणपणाचें.

४. माप: नांव एक, व्यास दुसरा

हत्यारावर ०.४४ लिहिलें असलें म्हणजे गोळी ०.४४ इंचाची घ्यावी असें नव्हे. गोळीचें माप नळीच्या नांवावरून न ठरवितां चक्राच्या घरावरून ठरवावें. ०.४४ बोराच्या बहुतेक नकलांस ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची गोळी लागते. रुगरच्या ओल्ड आर्मीस ०.४५७ इंचाची लागते, व ०.३६ बोराच्या नेव्हीस ०.३७५ किंवा ०.३८० इंचाची लागते.

माप बरोबर असल्याची खूण डोळ्यांनीं दिसते. दांड्यानें गोळी आंत दाबली कीं घराच्या कांठावर शिशाची एक बारीक, अखंड कडी सोलून निघाली पाहिजे. कडी निघाली म्हणजे गोळी सर्व बाजूंनीं घराच्या भिंतीस घट्ट चिकटली. कडी अर्धवटच निघाली, किंवा गोळी बोटानें दाबूनच आंत गेली, तर ती लहान आहे असें समजावें व ती वापरूं नये.

या कडीवर दोन गोष्टी अवलंबून असतात. घट्ट बसलेली गोळी शेजारच्या घराचा बार उडतांना बसणाऱ्या हिसक्यानें पुढें सरकत नाहीं. आणि शेजारची ठिणगी तिच्या कडेनें आंत शिरून दुसरें घर पेटत नाहीं. एक बार काढला असतां दोन-तीन घरें एकदम उडण्याचा अपघात या हत्यारांत होतो. तो पुढून सैल गोळीमुळें होऊं शकतो, तसाच मागून सैल टोपीमुळेंहि होऊं शकतो. म्हणून टोपीहि नळीवर घट्ट बसणारीच निवडावी. सैल टोपी चिमटून बसविण्याची संवय चांगली नव्हे.

५. वाटोळी कीं लांबट?

आतां मुख्य प्रश्न. या रिव्हॉल्वरांसाठीं गोळ्या तीन आकारांच्या मिळतात: वाटोळी, टोंकदार लांबट, आणि चपट्या टोंकाची लांबट.

वाटोळी गोळी भरण्यास सर्वांत सोपी. तिला पुढची-मागची बाजू नसल्यामुळें ती वांकडी बसूं शकत नाहीं. नेम बहुतेक हत्यारांत हिचाच उत्तम साधतो. ती जागा थोडी घेते, म्हणून दारूस जागा अधिक राहते. तिचा दोष असा कीं, व्यासाच्या मानानें तिचें वजन कमी पडतें. हवेंत तिचा वेग लवकर उतरतो व मांसांत ती फार खोल जात नाहीं. एकाच वजनाचें लोखंड गोळ्याच्या रूपानें भुईवर टाकलें तर थोडें रुततें, व पहारीच्या रूपानें टाकलें तर खोल रुततें, हें प्रत्येक शेतकऱ्यानें पाहिलें आहे. वाटोळ्या गोळीचें व लांबट गोळीचें नातें असेंच आहे.

तर मग टोंकदार लांबट गोळी उत्तम असें म्हणावें काय? अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत फौजेस मिळणाऱ्या कागदी काडतुसांत अशाच टोंकदार गोळ्या बहुधा असत. परंतु एल्मर कीथ या प्रसिद्ध अमेरिकन लेखकानें १९५५ सालच्या आपल्या 'सिक्सगन्स' या ग्रंथांत, त्या युद्धांतील जुन्या सैनिकांचें मत वाटोळ्या गोळीच्या बाजूनें होतें असें नमूद केलें आहे. याचें कारण उघड आहे. मंद वेगाची टोंकदार गोळी मांस कापीत नाहीं. ती तें बाजूला सारून पलीकडे निघून जाते. मोच्याच्या आरीनें पाडलेलें भोंक मिटूं पाहतें, परंतु ठशानें कापलेलें भोंक उघडेंच राहतें. तसाच हा प्रकार. वाटोळी गोळी टोंकदार गोळीइतकी खोल जात नसली तरी तिचें तोंड बोथट असल्यानें वाटेंत अधिक काम करते.

यावरून तिसऱ्या आकाराचें महत्त्व ध्यानांत येईल. चपट्या टोंकाच्या लांबट गोळींत पहारीचें वजन व ठशाचें तोंड हे दोन्ही गुण एकत्र येतात. अशी गोळी ०.४४ बोरासाठीं साधारण १८० पासून २४० ग्रेनपर्यंत, म्हणजे एक तोळ्यापासून सव्वा-दीड तोळ्यांच्या दरम्यान, ओतली जाते. तिचें चपटें तोंड कातडें व मांस कापीत जातें, आणि वजनामुळें ती हाड लागलें तरी लवकर थांबत नाहीं. २२० ग्रेनची गोळी सेकंदास ७५० फूट वेगानें सुटली असें धरलें तर तिचा जोर सुमारें २७५ फूट-पौंड होतो. म्हणजे वेग कमी होऊनहि जोर वाटोळ्या गोळीहून अधिक राहतो.

परंतु हा लाभ फुकट मिळत नाहीं. लांबट गोळी घरांत अधिक जागा घेते व तितकी दारू कमी मावते. ती घराच्या तोंडाशीं अगदी सरळ उभी न राहिली तर तिरपी दाबली जाते, आणि तिरपी बसलेली गोळी नेमावर जात नाहीं. कांहीं रिव्हॉल्वरांत दांड्याखालची मोकळी जागाच इतकी थोडी असते कीं लांब गोळी तेथून आंत सरकत नाहीं. म्हणून लांबट गोळी घेणाऱ्यानें तिचा तळ घराच्या तोंडांत सहज बसेल इतका बारीक आहे किंवा नाहीं, हें आधीं पाहावें. नंतर ठराविक अंतरावरून कागदावर पुष्कळ बार काढून पाहावे. आणि आपल्या हत्यारांत ती वाटोळ्या गोळीइतकी नेमकी लागते अशी खात्री पटल्यावरच तिच्यावर विसंबावें. नेमावर न लागणारी जड गोळी नेमावर लागणाऱ्या हलक्या गोळीपेक्षां वाईट.

६. गोळी बसविणें व चरबी

निवड कितीहि चांगली असली तरी गोळी दारूवर नीट बसली नाहीं तर सर्व व्यर्थ. दारू व गोळी यांमध्यें पोकळी मुळींच राहूं देऊं नये. पोकळी राहिल्यास दाब वेडावांकडा वाढून हत्यारास धोका पोंचतो. दारू कमी घातली असेल तर उरलेली जागा मक्याच्या जाड पिठानें अगर रव्यानें भरण्याची चाल अमेरिकन निशाणबाजांत आहे. त्यामुळें गोळी घराच्या तोंडाजवळ येते, नळींत शिरण्यापूर्वीं तिला मोकळा प्रवास कमी करावा लागतो, व नेम सुधारतो. दारू नेहमीं मापट्यानें मोजावी, अंदाजानें ओतूं नये. व मोठ्या डब्यांतून थेट चक्रांत कधींच ओतूं नये.

गोळीवर अगर गोळीखालच्या नमद्याच्या चकतीस चरबी लावतात. तिचा मुख्य उपयोग असा कीं, नळींत जमणारी काजळी मऊ राहते व पुढचे बार अडखळत नाहींत. यासाठीं मेण व प्राणिज चरबी अगर वनस्पति तेल यांचें मिश्रण वापरतात. खनिज तेलाचें ग्रीस काळ्या दारूशीं मिळून डांबरासारखी घट्ट राड करतें, म्हणून तें टाळतात. काडतुसाच्या चरबीचा विषय निघाला कीं आपल्याकडील वाचकास १८५७ साल आठवल्यावांचून राहणार नाहीं. एनफील्ड रायफलीच्या ज्या काडतुसांवरून त्या वर्षीं शिपायांत असंतोष पेटला, त्यांनाहि चरबी लावण्याचें कारण हेंच होतें: काळ्या दारूच्या काजळींतून गोळी सुखरूप उतरावी. ती चरबी कशाची, हा प्रश्न मात्र तांत्रिक नव्हता, आणि तो न विचारतां ठरविल्याचें फळ राज्यकर्त्यांस भोगावें लागलें.

काम संपतांच हत्यार त्याच दिवशीं कढत पाण्यानें धुवावें, पूर्ण कोरडें करावें व तेलाचा हात द्यावा. काळ्या दारूची काजळी हवेंतील ओल शोषते व एका रात्रींत पोलादास गंज चढवूं शकते. गंजलेल्या घरांत उत्तम गोळीहि नीट बसत नाहीं. हत्यार जवळ बाळगतांना घोड्याखालचें घर रिकामें ठेवणें, म्हणजे सहांपैकीं पांचच घरें भरणें, ही सुरक्षित संवय होय.

७. सावज व अंतर

गोळी निवडण्यापूर्वीं सावज व अंतर ठरलें पाहिजे. याच्या उलट क्रम कधींहि नसावा.

सशासारख्या लहान सावजास ०.३६ बोराची वाटोळी गोळी हलक्या दारूनें पुरते. मोठी गोळी मांस नासते. हरणासाठीं ०.३६ बोर कमीच समजावा. ०.४४ बोराची वाटोळी गोळी, जनावर आडवें उभें असेल व अंतर थोडें असेल, तर फुफ्फुसांपर्यंत पोंचूं शकते. तरी चपट्या टोंकाची जड गोळी अधिक भरंवशाची, कारण ती बहुधा आरपार जाते व दोन्ही बाजूंनीं रक्त सांडल्यामुळें माग काढणें सोपें होतें.

रानडुकराची गोष्ट याहून कठीण. अमेरिकेंत डुक्कर हें मूळचें जनावर नव्हे. १५३९ सालीं हर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदारानें फ्लोरिडांत जिवंत डुकरें आपल्याबरोबर नेलीं. अशा सुटलेल्या डुकरांशीं पुढें शिकारीसाठीं आणलेल्या युरोपीय रानडुकरांचा संकर झाला, व आज टेक्सास राज्यांत त्यांचा उपद्रव सर्वांत अधिक आहे. जातीनें तीं व आपल्याकडील रानडुकरें एकच. प्रौढ नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढाल तयार झालेली असते. मंद वेगाची वाटोळी गोळी तिच्यांत अडकून राहण्याचा संभव असतो. शिवाय त्याचें काळीज हरणाच्या मानानें खालीं व पुढें, पुढच्या पायांच्या मध्यें असतें. म्हणून या सावजास ०.४४ बोराखालचें हत्यार व वाटोळी गोळी घेऊन जाऊं नये. चपट्या टोंकाची जड गोळीच घ्यावी, आणि जवळ दुसरा जाणता माणूस मोठी बंदूक घेऊन असावा.

अंतराविषयीं जाणत्या शिकाऱ्यांचा नियम कडक आहे: २५ यार्ड, म्हणजे आपले ५० हात, याच्या पलीकडे मोठ्या जनावरावर बार काढूं नये. आणि तेवढ्या अंतरावरूनहि, लागोपाठ पांच गोळ्या एका ताटलीएवढ्या वर्तुळांत पडत नसतील तर, जनावराऐवजीं कागदावरच नेम धरावा. जनावर समोरून येत असतां, पळत असतां, किंवा झुडपाआड अर्धवट दिसत असतां बार काढूं नये. बार काढल्यावर जनावर पळालें तरी लगेच पाठलाग न करतां थोडा वेळ थांबावें. त्याला खालीं बसूं द्यावें. नंतर रक्ताचा माग काढीत जावें. घायाळ जनावर शोधल्यावांचून घरीं परतणें हा शिकारींतला मोठा दोष मानला जातो, आणि तो योग्यच आहे.

८. आपल्या शेतकऱ्यानें काय घ्यावें

हें सर्व वाचून कोणी रिव्हॉल्वर घेऊन रानांत जावें, असा या पाठाचा हेतु नाहीं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा उल्लेख आहे, रिव्हॉल्वराचा नाहीं. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हें तर प्रत्येकानें पक्कें ध्यानांत ठेवावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत मोडतें. उभ्या पिकास धोका करणाऱ्या अशा जनावरासंबंधीं ११ व्या कलमाखालीं मुख्य वन्यजीव रक्षक, अगर त्यानें अधिकार दिलेला अधिकारी, कारणें नमूद करून लेखी हुकूम देऊं शकतो. असा हुकूम हातीं नसतां बार काढणारा शेतकरी, त्याचा भुईमूग किंवा मका कितीहि खणला गेला असला तरी, कायद्याच्या दृष्टीनें गुन्हेगार ठरतो. नुकसानीचा पंचनामा करवून भरपाईचा अर्ज वनखात्याकडे वेळेवर देणें हा मार्ग सर्वांस मोकळा आहे.

परंतु रीतसर हुकूम मिळाल्यावर बंदूक उचलण्याची पाळी आलीच, तर या पाठांतील विचार जसाच्या तसा लागू पडतो. आपल्या बंदुकींत दारू किती मावते याची फुशारकी व्यर्थ आहे. खिळे, सळईचे तुकडे व खडे भरून उडविलेला बार तर जनावरास मारीत नाहीं, फाडतो. नळी खराब करतो तो वेगळाच. हलक्या छऱ्यांनीं रानडुकराचें कातडें चाळवतें, प्राण जात नाहीं. जी गोळी मऊ शिशाची आहे, मापाची आहे, पुरेशी जड आहे, आणि जी आपण कागदावर पारखून घेतली आहे, तीच गोळी व तेंच अंतर आपलें.

सारांश

पहिलें: सावज व अंतर आधीं ठरवावें, गोळी मागून. दुसरें: शिसें शुद्ध व मऊ असावें, नखानें पारखावें. तिसरें: माप चक्राच्या घरावरून घ्यावें, शिशाची अखंड कडी निघाली पाहिजे. चौथें: लहान सावजास वाटोळी गोळी, मोठ्यास चपट्या टोंकाची जड गोळी, टोंकदार गोळी कोणासच नको. पांचवें: दारू वाढवून गोळीचा दोष भरून निघत नाहीं, व धूरहीन दारू तर वर्ज्यच. सहावें: पन्नास हातांपलीकडे, व कागदावर खात्री झाल्यावांचून, मोठ्या जनावरावर बार काढूं नये. सातवें: कायद्याची लेखी परवानगी ही या सर्वांच्या आधींची पायरी होय.

हत्याराचा जोर बेताचा असतो तेव्हां तें हत्यार धरणाऱ्याचा विवेक अधिक असावा लागतो. ज्यास हे नियम पाळणें शक्य नाहीं, त्यानें चाप न ओढणेंच इष्ट.